सिगारवाला पाद्री आणि हार्लेमची खुर्ची

एलएल.बी.च्या एका विद्यार्थ्यानं ‘पॉवेल विरुद्ध मॅकॉरमॅक’ हा अमेरिकी निकाल वाचला आणि मला विचारलं, “सर, हा खासदार पॉवेल सरकारी खर्चानं मजा मारत होता, बायकोला घरबसल्या पगार मिळवून देत होता, कोर्टाचे हुकूम धाब्यावर बसवत होता. सभागृहानं त्याला दाराबाहेर ठेवलं तर बिघडलं काय? आणि सर्वोच्च न्यायालयानं असल्या माणसाची बाजू का घ्यावी?”

प्रश्न चांगला आहे. माझी पंचवीसेक वर्षं निवडणूक याचिका चालवण्यात गेली, आणि संध्याकाळी राज्यघटना शिकवतो तेव्हा दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. थोडक्यात उत्तर असं की न्यायालयानं पॉवेलची बाजू घेतलीच नव्हती. पण ते पटायचं तर आधी हा गडी कोण होता ते कळायला हवं. निकालात तो नुसता ‘याचिकाकर्ता’ म्हणून येतो, आणि त्या शब्दात मावेल असा माणूस तो नव्हता.

ॲडम क्लेटन पॉवेल ज्युनियर. जन्म १९०८, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. वडील अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. हे चर्च पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आलं आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय चर्चपैकी एक झालं. हार्लेम कुठं, तर आपल्या वाचकांना ओळखीची खूण सांगतो: बाबासाहेब आंबेडकर जिथं १९१३ ते १९१६ शिकले ते कोलंबिया विद्यापीठ टेकाडावर आहे. त्याच्या पूर्वेच्या अंगाला बागेतून उतार उतरलं की हार्लेम. पॉवेलनंही पुढं कोलंबियातूनच एम.ए. केलं.

त्याआधी तो कोलगेट या कॉलेजात होता. रंगानं इतका उजळ, डोळे घारे, की तिथं सुरुवातीला सगळे त्याला गोराच समजत होते आणि त्यानंही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पुढं खरं काय ते बाहेर आलं. कृष्णवर्णीय सोबत्यांना याचा जास्त राग आला, आणि तो रास्तच होता. पुढच्या आयुष्यात हा माणूस आपलं काळेपण इतक्या मोठ्या आवाजात मिरवत राहिला, त्यामागं कॉलेजातली ही लपवाछपवी असावी असं मला वाटतं. पुरावा मागू नका, वकिलाचा अंदाज आहे.

१९३०च्या दशकातल्या मंदीच्या वर्षांत त्यानं चर्चच्या तळघरात मोफत जेवणाची सोय केली, आणि १२५व्या रस्त्यावरच्या दुकानांपुढं निदर्शनं उभी केली. गिऱ्हाईक सगळं काळं आणि नोकर सगळे गोरे, अशी ती दुकानं. घोषणा साधी होती: जिथं काम मिळत नाही तिथं खरेदी नाही. १९४१ मध्ये शहराच्या बस कंपन्यांवर बहिष्कार घातला आणि त्यांना काळे चालक घ्यायला लावले. दक्षिणेतल्या मंटगोमेरी शहराचा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखालचा गाजलेला बस बहिष्कार याच्यानंतर चौदा वर्षांनी आला. १९४१ मध्येच पॉवेल न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आला, तिथला पहिला कृष्णवर्णीय सदस्य. दरम्यान १९३७ मध्ये वडिलांच्या जागी चर्चचा पाद्री झाला होता, आणि वडिलांचा विरोध मोडून कॉटन क्लबमधल्या एका नर्तकीशी लग्नही केलं होतं. रविवारी व्यासपीठावरून प्रवचन, बाकी दिवशी उंची सूट, सिगार, रात्रीचे क्लब. मतदारांना हे खटकत नव्हतं. उलट, आपल्यातला कुणीतरी गोऱ्या श्रीमंतासारखा ऐटीत राहतो आणि कुणाच्या बापाला भीत नाही, हेच त्यांना आवडत होतं.

१९४४ ला तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला. जानेवारी १९४५ ला तिच्या कनिष्ठ सभागृहात, प्रतिनिधिगृहात पोचला तेव्हा तिथं दुसरा कृष्णवर्णीय सदस्य एकच होता, शिकागोचे विल्यम डॉसन. ते शांतपणे, पक्षाच्या चौकटीत काम करणारे. पॉवेलनं पहिल्याच वर्षी दाखवून दिलं की तो त्या जातकुळीतला नाही. सभागृहाच्या उपाहारगृहात, न्हाव्याच्या दुकानात, व्यायामशाळेत काळ्यांना मज्जाव होता. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. पॉवेलनं आपल्या कार्यालयातल्या काळ्या सेक्रेटरी-कारकुनांना सांगितलं, भूक असो नसो, खाली जाऊन त्या उपाहारगृहात जेवायचं. स्वतःही मतदारसंघातले पाहुणे घेऊन तिथं बसू लागला. मिसिसिपीचा जॉन रँकिन हा उघड वर्णद्वेष्टा सदस्य. तो म्हणाला, मी याच्या शेजारी बसणार नाही. मग पॉवेल मुद्दाम त्याच्याजवळ जाऊन बसायचा. रँकिन उठून दुसरीकडे गेला की हाही उठून तिकडं. सांगतात की असं दिवसभर चाललं.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं हसतात. हसण्यासारखंच आहे ते. पण ध्यानात घ्या, त्या उपाहारगृहातला भेदभाव हटवायला ना कायदा लागला ना ठराव. एका निर्लज्ज माणसानं रोज जाऊन जेवणं लागलं. सभ्य माणसाला ते जमलं नसतं.

कायदे करण्याच्या बाबतीतही त्याचा असाच चिवटपणा होता. केंद्राचा पैसा खर्च होणार असेल असं कुठलंही विधेयक आलं की पॉवेल दुरुस्ती मांडायचा: जिथं वर्णभेद पाळला जातो तिथं हा पैसा जाणार नाही. तिचं नावच ‘पॉवेल दुरुस्ती’ पडलं. यावर त्याचे उदारमतवादी मित्रच वैतागायचे, कारण दुरुस्ती चिकटली की दक्षिणेतले सदस्य विधेयकच पाडत. १९५६ मध्ये शाळाबांधणीचं विधेयक असंच पडलं. चांगल्या कामात हा बिब्बा घालतो, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. त्याचं म्हणणं, काळ्या मुलाला दारातच अडवणारी शाळा बांधायला काळ्याच्या करातला पैसा का द्यायचा? शेवटी १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात तेच तत्त्व सहावं प्रकरण म्हणून आलं आणि आजही तिथं आहे. मी शिकवताना पॉवेलच्या खात्यावर सर्वांत मोठी जमा हीच मांडतो.

त्याची जीभ मात्र ताब्यात नसायची. दुसरी बायको हेझल स्कॉट ही नावाजलेली जॅझ पियानोवादक. १९४५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेनं तिला रंगामुळं आपलं वॉशिंग्टनचं सभागृह नाकारलं, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या पत्नी त्याच संस्थेच्या चहापानाला गेल्या. पॉवेलनं त्यांना ‘फर्स्ट लेडी’ऐवजी ‘लास्ट लेडी’ म्हटलं. ट्रूमननी ते आयुष्यभर मनात ठेवलं; त्यांच्या काळात व्हाइट हाउसचं दार पॉवेलला बंद झालं. १९५५ ला इंडोनेशियात बांडुंगची आफ्रो-आशियाई परिषद भरली, नेहरू तिथं होतेच. अमेरिकी परराष्ट्र खात्याची इच्छा नसताना पॉवेल स्वतःहून गेला आणि तिथं जाऊन अमेरिकेचीच बाजू मांडली. सगळे चक्रावले. पुढच्याच वर्षी स्वतः डेमोक्रॅट असून रिपब्लिकन आयझेनहॉवर यांना पाठिंबा दिला. हा गडी कुठल्याही पक्षाच्या दावणीला बांधलेला नव्हता, आणि त्याची किंमत पुढं त्यानं मोजली.

एक काळी नोंदही टाकतो, नाहीतर ही आरती होईल. १९६० मध्ये डेमोक्रॅटिक अधिवेशनाबाहेर निदर्शनं होऊ नयेत म्हणून त्यानं मार्टिन ल्यूथर किंग यांना धमकावलं: किंग आणि त्यांचे सहकारी बायर्ड रस्टिन यांच्यात लैंगिक संबंध असल्याची खोटी कंडी मी पिकवीन. रस्टिन यांना बाजूला व्हावं लागलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या चोऱ्यांपेक्षा ही गोष्ट वाईट, आणि तिच्यासाठी त्याला कधीच कुणी जाब विचारला नाही.

१९६१ मध्ये ज्येष्ठतेच्या नियमानं तो शिक्षण व कामगार समितीचा अध्यक्ष झाला. पुढची पाच-सहा वर्षं त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत भरीव. किमान वेतनात वाढ, स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा १९६३ चा कायदा, १९६४ चा दारिद्र्यनिर्मूलनाचा कायदा, १९६५ चा शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा, हे सगळं त्याच्या समितीतून गेलं. त्याच्या अध्यक्षपदाच्या काळात समितीतून सुमारे पन्नास महत्त्वाची विधेयकं पार झाली, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पत्र लिहून त्याचं कौतुक केलं. गैरहजेरीबद्दल बदनाम असलेला माणूस हे कसं करत होता, असं मुलं विचारतात. हाताखाली माणसं चांगली निवडायची आणि विधेयक कधी दाबून ठेवायचं, कधी सोडायचं याचं टायमिंग. समिती अध्यक्षाची खरी ताकद तीच असते, आपल्याकडं काय आणि तिकडं काय.

आता पडझड. १९६० मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यानं हार्लेममधल्या एका बाईला पोलिसांच्या हप्त्याची वसुली करणारी म्हटलं. हेच तो सभागृहात बोलला असता तर विशेषाधिकाराचं कवच होतं. दूरचित्रवाणीवर ते नव्हतं. बाईनं बदनामीचा दावा लावला आणि १९६३ मध्ये ज्युरीनं २,११,५०० डॉलरची भरपाई मंजूर केली. अपिलात रक्कम बरीच खाली आली. तरी पॉवेल पैसे देईना, हजर होईना. कोर्टाच्या अवमानाबद्दल अटकेचे हुकूम निघाले. पण न्यूयॉर्कच्या कायद्यानं दिवाणी वॉरंट रविवारी बजावता येत नसे. मग काय, खासदारसाहेब फक्त रविवारी मतदारसंघात! यायचं, चर्चमध्ये प्रवचन द्यायचं, खचाखच भरलेल्या लोकांशी हस्तांदोलन करायचं आणि रात्री बाराच्या आत शहराची हद्द ओलांडायची. दिवाणी कोर्टात ज्यानं कधी बेलिफाबरोबर पत्ते शोधत फिरण्यात दिवस घालवले असतील, त्याला यातली गंमत आणि चीड दोन्ही कळेल. शेवटी १९६६ च्या अखेरीला प्रकरण फौजदारी अवमानावर गेलं आणि रविवारही हातचा गेला.

बाकीचे दिवस तो बहामातल्या बिमिनी बेटावर असायचा. मासेमारी, दारू, डॉमिनोजचा डाव. फोटो छापून येत होते आणि तो येऊ देत होता. सभागृहाच्या चौकशीत निघालं ते असं: समितीच्या पैशानं विमानाची तिकिटं दुसऱ्यांच्या नावावर काढली होती, आणि तिसरी बायको पोर्तो रिकोत राहत असताना तिच्या नावानं वर्षाला २०,५७८ डॉलर पगार निघत होता. यात बचावाला जागा नाही. मी त्याचा वकील असतो तरी मुद्द्यावर लढलो नसतो, अधिकारकक्षेवर लढलो असतो. त्याच्या वकिलांनी तेच केलं.

जानेवारी १९६७. नोव्हेंबरात हार्लेमनं त्याला पुन्हा प्रचंड मतांनी निवडून दिलं होतं. आधी पक्षानं समितीचं अध्यक्षपद काढलं. दुसऱ्या दिवशी, १० जानेवारीला, सगळे सदस्य शपथेला उभे राहिले तेव्हा त्याला बाजूला थांबायला सांगण्यात आलं. चौकशी समिती नेमली गेली. तिचं म्हणणं होतं की त्याला शपथ द्या, मग निंदेचा ठराव करा, ४०,००० डॉलर दंड करा, ज्येष्ठता काढा. सभागृहाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. १ मार्चला ३०७ विरुद्ध ११६ मतांनी ठरलं की याला आतच घ्यायचं नाही. जागा रिकामी जाहीर झाली. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली, पॉवेल प्रचाराला फिरकलाही नाही, आणि हार्लेमनं त्याला ८६ टक्के मतं दिली.

हे सगळं फक्त त्याच्या चोरीमुळं झालं का? त्याच वर्षी जूनमध्ये कनेक्टिकटचे सिनेटर टॉमस डॉड यांच्यावर सिनेटनं ठपका ठेवला. प्रचारनिधीतले एक लाखाहून जास्त डॉलर त्यांनी खासगी कामाला वापरले होते. त्यांची खुर्ची राहिली, ज्येष्ठताही राहिली. ते गोरे होते. आणखी एक: पॉवेलच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या उपसमितीचे प्रमुख होते ओहायोचे वेन हेज. १९७६ मध्ये त्यांना स्वतःच काँग्रेस सोडावी लागली, कारण मैत्रिणीला सरकारी पगारावर सेक्रेटरी म्हणून ठेवल्याचं उघड झालं. पॉवेल म्हणायचा, जे सगळे करतात तेच मी केलं, फरक इतकाच की मी लपवलं नाही. युक्तिवाद म्हणून हा लंगडा आहे. वर्णन म्हणून बराचसा खरा.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याकडं. अमेरिकेच्या घटनेत प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला तीन पात्रता सांगितल्या आहेत: वय पंचवीस, सात वर्षांचं नागरिकत्व आणि निवडून आला त्या राज्यात वास्तव्य. घटनेत दुसरीकडं हकालपट्टीची तरतूद आहे, पण तिला दोन तृतीयांश मतं लागतात. सभागृहानं पॉवेलला हाकललं नव्हतं, शिरूच दिलं नव्हतं. प्रश्न असा: तिन्ही पात्रता असलेल्या माणसाला सभागृह साध्या बहुमतानं चौथी, स्वतःच्या मनची पात्रता लावू शकतं का?

१६ जून १९६९ ला सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध एक असा निकाल दिला: नाही. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी तो लिहिला आणि आठवड्यात ते निवृत्त झाले. खालच्या न्यायालयात पॉवेलविरुद्ध निकाल लिहिणारे न्यायाधीश वॉरन बर्गर. ज्यांचा निकाल फिरवला गेला तेच त्या आठवड्यात नवे सरन्यायाधीश झाले. असा योग कुणी रचून सांगितला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

निकालातल्या दोन खाचाखोचा बघ. एक, ३०७ मतं म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्तच. मग ही हकालपट्टीच समजा, असं सभागृहाचे वकील म्हणाले. न्यायालय म्हणालं, सदस्य ज्या प्रश्नावर मत देतात तो प्रश्नच वेगळा होता. हकालपट्टी म्हणून मांडला असता तर एवढी मतं पडली असती असं गृहीत धरता येणार नाही. दुसरी, दावा कोणावर? सभागृहातल्या मतासाठी सदस्यांना कोर्टात खेचता येत नाही, म्हणून सभागृहाचे अध्यक्ष मॅकॉरमॅक आणि इतर सदस्य वगळले गेले. पण पगार अडवणारे, दार अडवणारे कर्मचारी उरले, आणि त्यांच्याविरुद्ध दावा टिकला. तोवर १९६९ ला पॉवेलला शपथ दिली गेली होती, २५,००० डॉलर दंड लावून. तरी बुडालेल्या पगाराचा वाद जिवंत होता, म्हणून खटलाही जिवंत राहिला. एकमेव विरोधी न्यायाधीश स्टुअर्ट यांचा आक्षेप इथंच होता, की आता वाद उरलेलाच नाही. मूळ मुद्द्यावर ते विरुद्ध गेले नव्हते.

तर खुर्ची हार्लेमची होती. कुणाला बसवायचं ते हार्लेम ठरवणार. जानेवारी १९६७ ते जानेवारी १९६९ तिथल्या लाखो लोकांना प्रतिनिधीच नव्हता, आणि यातल्या कुणी विमानाची खोटी तिकिटं काढली नव्हती.

आपल्याकडं गणित वेगळं आहे, म्हणून हा निकाल इथं जसाच्या तसा चालवू नकोस. डिसेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधी चिकमगळूरहून नुकत्याच निवडून आल्या होत्या. लोकसभेनं त्यांना हाकललं, तेही आधीच्या लोकसभेच्या काळातल्या वर्तनाबद्दल. १९८१ ला नव्या लोकसभेनं तो ठराव रद्द केला. डिसेंबर २००५ ला प्रश्न विचारायला पैसे घेतल्यावरून लोकसभेनं दहा आणि राज्यसभेनं एक खासदार हाकलले. त्यात जळगाव आणि एरंडोलचे असे खानदेशातले दोघं होते. २००७ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते कायम केलं. म्हणजे आपल्या संसदेला हाकलण्याचा अधिकार आहे आणि त्याला दोन तृतीयांशांची अटही नाही. पण महाराष्ट्र विधानसभेनं जुलै २०२१ मध्ये बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित केले, तो ठराव जानेवारी २०२२ ला रद्द झाला. तिथं न्यायालयाला जे टोचलं ते हार्लेमसारखंच होतं: हाकललं तर पोटनिवडणूक तरी होते, वर्षभराच्या निलंबनात मतदारसंघाला ना जुना प्रतिनिधी ना नवा.

अमेरिकेत या निकालाचा धाक अजून आहे. न्यूयॉर्कचे जॉर्ज सँटोस यांनी आपला सगळा पूर्वेतिहास खोटा सांगितल्याचं शपथेआधीच उघड झालं होतं, तरी जानेवारी २०२३ ला त्यांना शपथ द्यावीच लागली. मग डिसेंबरमध्ये दोन तृतीयांश मतांनी रीतसर हकालपट्टी झाली.

आणि पॉवेल? जिंकला, पण ज्येष्ठता परत मिळाली नाही, आजारपण लागलं, बिमिनी सुटेना. १९७० च्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) चार्ल्स रँगल नावाच्या वकिलानं त्याला जेमतेम दीडशे मतांनी हरवलं. ३०७ सदस्यांना जे करायचा अधिकार नव्हता ते हार्लेमनं दीडशे मतांत केलं. ४ एप्रिल १९७२ ला तो मायामीत वारला, वय ६३. राख बिमिनीवर उधळली. हार्लेममधल्या सातव्या अव्हेन्यूला आज त्याचं नाव आहे. रँगल त्या जागेवर ४६ वर्षं राहिले आणि २०१० मध्ये सभागृहानं त्यांच्यावरही आर्थिक गैरव्यवहाराबद्दल निंदेचा ठराव केला. शपथ मात्र त्यांची कुणी अडवली नाही.

निकाल लांबलचक आहे. घाईत असशील तर तळटीपा सोड, पण अठराव्या शतकातल्या जॉन विल्क्सचा भाग सोडू नकोस: ब्रिटिश संसदेनं हाकललेला आणि मिडलसेक्सच्या मतदारांनी पुन्हापुन्हा पाठवलेला हा दुसरा रंगेल खासदार. १७८२ मध्ये संसदेनं त्याच्याविरुद्धचे ठराव आपल्या नोंदवहीतून खोडले, आणि अर्ल वॉरननी सगळी इमारत त्या पायावर उभी केली आहे. तोंडी परीक्षेत मी तिथूनच विचारतो.